केकवरचा टॉपर आधी करून ठेवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरून केक करून देणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. स्पंज सगळ्यांना जमतो, क्रीमही जमतं, गाडी अडते ती टॉपरवर. इथे टॉपर म्हणजे काडीला लावलेला कागदी ‘हॅपी बर्थडे’ नव्हे. साखरेच्या पिठाचा, हाताने घडवलेला, नुसता बघायलाच माणसं गोळा होतील असा टॉपर. क्लासमध्ये आणि फोनवर जे प्रश्न सारखे येतात, ते खाली घेतले आहेत.

किती दिवस आधी करून ठेवला तर चालतो?

गम पेस्टचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या पिठाचा असेल तर महिनाभर आधी केला तरी काही होत नाही. साखर नासत नाही. संक्रांतीचे हलव्याचे दागिने आपल्याकडे आधीच करून डब्यात भरून ठेवतात, रुखवतातल्या साखरेच्या वस्तू लग्नाच्या कितीतरी आधी तयार असतात. टॉपरही त्याच घराण्यातला. त्याला दिवस गेल्याने धोका नाही, दमट हवेने आहे. पुढची निम्मी उत्तरं या एका गोष्टीभोवतीच फिरतील.

खरा प्रश्न उलटा विचारायला हवा : कमीत कमी किती आधी? पातळ पाकळ्यांचं फूल कोरड्या हवेत एका दिवसात कडक होतं. बोटभर उंचीच्या बाहुलीला चार-पाच दिवस द्या. जाड भिंत, प्राण्याचं धड, मोठं डोकं असेल तर आठवडा. वरून टणक वाटलं म्हणजे आतून वाळलं असं नाही, हे जाड तुकड्यांच्या बाबतीत फार फसवं असतं. उचलून तळाला नख लावून बघा. नख रुतलं तर अजून थांबा.

फॉन्डंट घ्यायचा की गम पेस्ट?

फॉन्डंट हेही साखरेचंच पीठ, पण तो केक झाकायला असतो, मुद्दाम मऊ राहील असा केलेला असतो. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते ओल धरून ठेवतं. त्याची उभी बाहुली केलीत तर संध्याकाळपर्यंत ती बसलेली असेल. गम पेस्ट वाळून कडक होते.

विकतची गम पेस्ट महाग पडते म्हणून बहुतेक जणी पाव किलो फॉन्डंटमध्ये एक लहान चमचा सीएमसी पावडर (पीठ कडक करणारी खाण्याची पूड) मळतात आणि ते अगदी योग्य आहे. मळून झालं की क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून तासभर ठेवा, मगच कामाला घ्या. सीएमसी जास्त घातली तर लवकर वाळेल हा हिशेब चुकीचा आहे. गोळा हातातच सुकायला लागतो आणि वळताना चिरा पडतात. चिरा दिसू लागल्या तर तळहाताला किंचित वनस्पती तूप लावून पुन्हा मळा. पाणी लावू नका.

पावसाळ्यात टॉपर वाळतच नाही. काय करायचं?

हा प्रश्न जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि गणपती झाले तरी संपत नाही.

आपल्या जिल्ह्याची हवा एक नाही हे आधी लक्षात घ्या. खानापूर, कणकुंबी, चोर्ला घाटाकडे धो धो पाऊस, बेळगाव शहरात दिवस दिवस रिपरिप आणि धुकं, तर अथणी-रायबागकडे त्याच दिवशी ऊन पडलेलं. अथणीच्या मैत्रिणीने ‘दोन दिवसांत वाळतो गं’ म्हणून सांगितलं, ते तिच्या घरी खरं असतं, खानापुरात ते लागू पडत नाही. इंटरनेटवरच्या कृतींचंही तसंच. त्या कुठल्या हवेत केल्या आहेत ते कुणी लिहीत नाही.

उपाय आहेत. पहिला, बंद जागा करा. लाकडी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून त्यात जुना पिवळा बल्ब लावा, टॉपर त्यापासून हातभर लांब, दार किंचित उघडं. एलईडी दिव्याचा इथे उपयोग नाही, तो जागा तापवत नाही. घरी ओव्हन असेल आणि त्याचा आतला दिवा वेगळा चालू करता येत असेल, तर फक्त दिवा लावून टॉपर आत ठेवता येतो. ओव्हन तापवायचा नाही. आणि आत टॉपर आहे अशी चिठ्ठी बाहेर चिकटवा, कारण घरात कुणीतरी ओव्हन लावतंच.

दुसरा, सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे. प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात तळाला सिलिका जेलच्या पुड्या, वर जाळी, जाळीवर टॉपर, झाकण बंद. खड्यांना टॉपर लागता कामा नये. रंग बदलणारे खडे घेतलेत तर निळ्यापेक्षा नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचं संयुग असतं. ओल शोषून दमलेले सुटे खडे ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येतात. डब्यात तांदूळ ठेवण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते, पण तांदूळ फार थोडी ओल शोषतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

तिसरा उपाय सगळ्यांत स्वस्त : काम पातळ करा. पावसाळ्यात सहा इंची भरीव गणपती किंवा हत्ती करण्याचा हट्ट कशाला? पोकळ करा, चपटा करा, किंवा आत थर्माकोलचा गोळा घालून वर पातळ थर द्या.

एसी असेल तर त्याची कोरडी हवा करणारी सोय चालू ठेवा, तिच्यासारखं दुसरं काही नाही. पंखा उन्हाळ्यात चांगला, जुलैत तो दमट हवाच टॉपरवर मारतो.

फ्रीजमध्ये ठेवला तर?

नको. थंड टॉपर बाहेर काढला की त्यावर पाणी धरतं, रंग ओघळतो, पृष्ठभाग चिकट होतो.

मग ठेवायचा कशात?

पूर्ण वाळला असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, टिश्यू पेपरच्या गादीवर, अंधाऱ्या कोरड्या जागी. अर्धवट वाळलेला टॉपर प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलशिवाय बंद करू नका, आतली ओल आतच फिरते. आणि उन्हात ठेवू नका : गुलाबी आणि जांभळा रंग उजेडाने उडतो. खिडकीत ठेवलेलं जांभळं फूल आठवड्यात राखाडी दिसायला लागतं.

आमच्याकडे अंडं चालत नाही. काय काय तपासायचं?

या भागात अर्ध्याहून जास्त ऑर्डरी बिनअंड्याच्या, तेव्हा हे नीट वाचा. स्पंज बिनअंड्याचा करून टॉपर अंड्याच्या आयसिंगने चिकटवला तर घरच्यांना फसवल्यासारखंच होतं.

रॉयल आयसिंग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं असतं. मेरिंग पावडर म्हणजे तोच बलक वाळवलेला. पांढरी पूड दिसते म्हणून ती शाकाहारी समजू नका. मार्शमेलोत आणि काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं, तेही जनावराचं. पाकिटावरची हिरवी खूण बघा, साहित्य वाचा. सीएमसी वनस्पतीच्या तंतूंपासून बनते, ती चालते. चमक आणायला जे ग्लेझ मिळतं त्यात बहुतेक वेळा लाख असते आणि लाख किड्यापासून येते. जैन घरात हे आधी विचारून घ्या.

बिनअंड्याचं चिकटवण : पाव चमचा सीएमसी दोन मोठे चमचे पाण्यात घालून रात्रभर ठेवा. सकाळी गुठळ्या विरघळून पातळ खळ तयार होते. नाजूक जोड याने होतात. जड जोडासाठी त्याच खळीत थोडी गम पेस्ट कालवून लेप करा किंवा वितळलेलं पांढरं कंपाउंड चॉकलेट वापरा.

किल्ल्याचा टॉपर कसा करायचा? शिवजयंतीला आणि दिवाळीला तेच मागतात.

मागणारच. बेळगावात परंपरेने शिवजयंती वैशाखात होते, मग चित्ररथांची मिरवणूक निघते, आणि त्या दिवसांत ज्या मुलाचा वाढदिवस येतो त्याला केकवर गड हवा असतो. दिवाळीत तर गल्लोगल्ली मातीचे किल्ले. त्यामुळे एक इशारा : ही मुलं किल्ला स्वतः बांधतात, तुमच्या किल्ल्यात चूक काढतील. बुरुज, तटबंदी, जंग्या (तटातली मारा करायची भोकं), माचीवरचा झेंडा हे सगळं कुठे असायला हवं ते त्यांना पाठ असतं. गोमुखी दरवाजा दोन बुरुजांच्या बेचक्यात दडलेला असतो, समोरून सरळ दिसत नाही. टॉपरमध्ये तो थोडा वळवून दाखवावा लागतो, तेवढी सूट मुलं देतात. येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे, कुणी तोच मागितला तर एकदा जाऊन फोटो काढून या.

डोंगराचा गाभा दोन प्रकारे होतो. परदेशी कृतींत तांदळाच्या फुलवलेल्या दाण्यांचा असतो, आपल्याकडे चुरमुरे आहेत आणि ते उत्तम चालतात. कंपाउंड चॉकलेट वितळवून त्यात चुरमुरे कालवायचे, वाडग्यात दाबून बसवायचे, घट्ट झाले की सुरीने डोंगराचा आकार द्यायचा. चुरमुरे ताजे कुरकुरीत हवेत, सादळलेले घेतले तर आतून ओल येते. गूळ घालून लाडूसारखं बांधू नका, गूळ हवेतली ओल ओढतो आणि वरची साखर रडायला लागते. दुसरा प्रकार थर्माकोल. सहा इंचांहून मोठा किल्ला असेल तर माझं मत थर्माकोलकडे : हलका, ढासळत नाही, मे महिन्याच्या दुपारी गाडीत वितळत नाही. मात्र आत काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगायचं.

तटाच्या भिंती आधी करा. गम पेस्ट तीन-चार मिलिमीटर जाड लाटून पट्ट्या कापा आणि स्पंजच्या शीटवर सपाट वाळवा. अर्ध्या दिवसाने उलटा, नाहीतर एका बाजूने वाळून कडा वर येतात. बहुतेकांच्या भिंती वाकतात त्या इथे. बुरुजासाठी कॉर्नफ्लोअर भुरभुरलेल्या स्टीलच्या ग्लासाभोवती पट्टी गुंडाळा आणि कडक होण्याआधी ग्लास एकदा फिरवून सैल करून घ्या. दगडाचा पोत चुरगळलेल्या फॉइलने दाबून येतो, फॉइल लावायचं ते पेस्ट ओली असताना. रंगात नुसता काळा घेऊ नका, मेल्यासारखा दिसतो. काळ्यात तपकिरी आणि जरा पांढरा, वाळल्यावर वरून कोरड्या ब्रशने पांढरट हात. खानापूरकडचा जांभा दाखवायचा असेल तर विटकरीकडे झुका.

गवताला ओलं खोबरं रंगवून टाकू नका, बिस्किटाचा चुरा किंवा रंगवून वाळवलेली जाड साखर बरी. झेंडा वेफर पेपरचा (खाण्याच्या पातळ कागदाचा) केला तर तो अगदी शेवटी लावा. वैशाखात वळीव येतो, दोन तासांत हवा ओली होते आणि पेपर मान टाकतो. गम पेस्टचा पातळ झेंडा जरा जाड दिसतो, पण उभा राहतो.

वेळेचा हिशेब असा : भिंती आणि बुरुज आठवडाभर आधी, गाभा तीन दिवस आधी, जोडणी दोन दिवस आधी, रंगाचा शेवटचा हात आदल्या दिवशी.

महाराजांची किंवा गणपतीची मूर्ती केकवर ठेवावी का?

मी घेत नाही. केकला सुरी लागते, मेणबत्ती फुंकली जाते, क्रीम तोंडाला फासतात. त्यात मूर्ती नको. किल्ला, जिरेटोप, झेंडा, मोदकांचं ताट, जास्वंदीची फुलं असं काही सुचवा. घरचे बहुतेक वेळा लगेच मान्य करतात. मूर्तीच हवी असा आग्रह असेल तर ती केकशेजारी वेगळ्या पाटावर ठेवा.

बाहुलीचे पाय वाकतात, डोकं पुढे झुकतं.

सगळं एका बैठकीत करण्याची घाई. आधी पाय आणि बूट, ते पूर्ण वाळू द्या. मग धड बसवा, एक दिवस थांबा. डोकं वेगळं करून काडीवर वाळवा आणि शेवटी लावा. आत आधाराला टूथपिक घालण्यापेक्षा कोरडी कच्ची स्पॅगेटी घाला, लहान मुलाच्या तोंडात गेली तरी ती खाण्याचीच वस्तू आहे. साडीची बाहुली असेल तर निऱ्या पायांना आपोआप आधार देतात, म्हणून नवख्यांनी नवरी आधी करावी, नवरदेव नंतर.

नाव मराठीत हवं, आजोळच्यांना कन्नडमध्येही हवं. अक्षरं कशी टिकवायची?

सीमाभागातलं हे नेहमीचं मागणं. देवनागरी कापायला सोपी, कारण शिरोरेषा सगळी अक्षरं एकत्र धरते. अख्खं नाव एका पट्टीत कापा, शिरोरेषा नेहमीपेक्षा जाड ठेवा आणि मागून दोन काड्या चिकटवा. मोडतात ते खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या, म्हणून त्या अक्षराला लागतात तिथे थोडं भरीव ठेवा.

कन्नड अक्षरं गोलाकार आणि सुटी, त्यांना जोडणारी रेघ नाही. ती एकेक उभी करायला गेलात तर हमखास एखादं पडतं. पातळ पाटी करून तिच्यावर आडवी चिकटवा आणि पाटी उभी करा. आतली लहान भोकं सुरीने कापताना अक्षर फाटतं, त्यापेक्षा स्ट्रॉचं तोंड दाबा. आणि तुम्हाला वाचता येत नसेल तर घरच्यांकडून नाव मोठ्या अक्षरात लिहून मागवा, त्यावरच बटर पेपर ठेवून गिरवा. एका वळणाने अक्षर बदलतं.

रंग कोणते वापरायचे?

जेल किंवा पावडर. पाण्यासारखे पातळ रंग पेस्ट चिकट करतात. गडद लाल आणि काळा आदल्या दिवशी मळून ठेवा, रात्रीत रंग चढतो आणि कमी रंगात काम भागतं.

‘कमी रंगात’ हे हौसेने म्हणत नाही. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये कॉटन कँडीतल्या रोडामाइन-बी या रंगावर आणि गोबी मंचुरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. त्याच वर्षी राज्याच्या अन्न सुरक्षा खात्याने केकचे २३५ नमुने तपासले, त्यातले १२ रंगांमुळे असुरक्षित निघाले. रेड व्हेल्वेट आणि ब्लॅक फॉरेस्टचं नाव त्यात होतं. टॉपरसाठी रंग घेताना डबीवर तो खाण्याचा असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. चमकीच्या डबीवर नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असेल तर ती खाण्याची नाही. ती खडू-पेन्सिलसारखी, पोटात गेली तर विष नाही एवढंच.

केक व्हिप क्रीमचा आहे. टॉपर विरघळणार नाही का?

थेट ठेवलात तर विरघळेल, तासाभरात तळ चिकट होतो. टॉपर आणि क्रीम यांच्यात आडपडदा हवा : पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटची पातळ चकती, किंवा टॉपरच्या तळाएवढा लहान केक बोर्ड. टॉपर जड असेल तर चकतीखाली चार जाड स्ट्रॉ केकच्या उंचीएवढे कापून रोवा, म्हणजे भार स्पंजवर न येता खालच्या बोर्डावर जातो. तरीही अर्ध्या किलोच्या केकवर पाव किलोचा टॉपर ठेवायची मागणी आली तर सरळ नाही म्हणा, नाहीतर केक एक किलोचा करायला सांगा.

फुलांच्या तारा केकमध्ये उघड्या खुपसायच्या नाहीत. आधी स्ट्रॉ रोवा, तार त्यात.

निपाणीला किंवा गोव्याला पोचवायचा आहे.

टॉपर वेगळा, केक वेगळा, हाच नियम. निपाणीला हायवेने गाडी सरळ जाते, चोर्ला घाटात ती डावी-उजवी झुलते आणि उंच टॉपर कलतो. खोक्यात फोमचा तुकडा कोरून टॉपर त्यात आडवा झोपवा. खोकं डिकीत सपाट ठेवा, खाली रबरी जाळी. मांडीवर घेऊन जाणं चांगलं वाटतं, पण मांडी सपाट नसते. पोचल्यावर गाडीच्या एसीतून काढून लगेच बाहेरच्या दमट हवेत उघडू नका, खोकं बंदच राहू दे, अर्धा तास थांबा.

वाटेत तुटला तर?

दुरुस्तीची पिशवी सोबत हवीच : खळीची बाटली, त्याच रंगाच्या पेस्टच्या लहान गोळ्या, ब्रश, दोन-चार स्पॅगेटी, थोडं वितळवायचं चॉकलेट. हात तुटला तर तिथे फूल किंवा फुगा लावा. जोड लपवायला ओढणी, हार, वेल फार कामाचे.

मुंग्या?

टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांचा खडू खाण्याच्या वस्तूजवळ आणू नका.

किंमत कशी लावायची?

सामान फारसं महाग नसतं, वेळ असतो. लोक ‘एवढ्याशा बाहुलीचे एवढे?’ म्हणतात. त्यांना वाळण्याचे दिवस सांगा, आणि ऑर्डर घेतानाच अर्धे पैसे घ्या. नाव घातलेला टॉपर दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

मुलाला टॉपर खायचाच असतो. द्यावा का?

टॉपरची गम पेस्ट खाण्याची असली तरी वाळल्यावर दगड होते, दात सांभाळा. आत तार, काडी, थर्माकोल काय काय आहे याची चिठ्ठी केकच्या खोक्यावर चिकटवून द्या, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण केक कापणारा माणूस आणि ऑर्डर देणारा माणूस एकच असेल असं नाही. मुलासाठी त्याच रंगाचं एक लहान फूल नुसत्या मऊ फॉन्डंटचं करून वेगळं द्या. टॉपर मग शोकेसमध्ये सुखाने राहतो, फक्त पावसाळ्यात त्याच्या शेजारी सिलिका जेलची एक पुडी ठेवायला सांगा.